काला अंब, दिल्ली दरवाजा आणि सात दिवसांची आग

दिल्लीतल्या पोस्टिंगचा एक फायदा म्हणजे पानिपत हाताशी येते. पहाटे निघालो की धुके असूनही दोन-अडीच तासांत काला अंबला पोहोचता येते. १४ जानेवारीला तिथे जायचे, हा माझा दोन वर्षांचा नेम. आपल्याकडे त्या दिवशी तिळगूळ वाटतात आणि इथे थंडीत कुडकुडत माणसे १७६१ च्या मृतांना हार घालतात. हरियाणातले रोड मराठा येतात, महाराष्ट्रातून बसेस भरून मंडळी येतात, आणि आमच्यासारखे वर्दीतले दोन-चार जण कडेला उभे असतात.

काला अंबला पाहायला तसे फार काही नाही. विटांचा एक स्तंभ, त्याभोवती लोखंडी कुंपण, बाग. ज्या आंब्याच्या झाडावरून जागेला नाव पडले ते झाड केव्हाच गेले. इतके रक्त सांडले की झाड काळे पडले, अशी आख्यायिका आहे. झाड पडल्यावर त्याचे लाकूड पानिपतच्या एका रईसाने सरकारकडून विकत घेतले आणि त्याचे कोरीव दरवाजे करून घेतले. ते दरवाजे आता पानिपतच्या संग्रहालयात आहेत. म्हणजे पानिपतच्या रणांगणाची जी एक वस्तू हात लावण्यासारखी उरली, ती लाकडाची आहे.

यंदा तिथे साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदारसाहेब भेटले. माझी नेमप्लेट वाचून मराठीतच बोलायला लागले. गप्पा पानिपतावरून पुण्यावर आल्या, पुण्यावरून शनिवारवाड्यावर. बोलता बोलता त्यांनी विचारले, "साहेब, वाडा सात दिस जळत व्हता म्हणत्यात. लाकूड सात दिस कसं जळंल? आमच्या चुलीत तर ओंडकासुद्धा रात्रभर पुरत न्हाई."

मी म्हटले, "सुभेदारसाहेब, उत्तर लांब आहे. लिहून पाठवतो."

हा लेख म्हणजे ते उत्तर. पण त्यात माझाही एक हिशेब आहे आणि तो शेवटपर्यंत दडवून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच सांगतो.

मी कॅप्टन असताना आमची एक तुकडी उंचावरच्या चौकीत होती. जागेचे नाव सांगत नाही. राहायला देवदाराच्या जाड खांबांची एक जुनी बॅरक. खांब असे की दोन्ही हातांची कवळ घालावी. वर फळ्यांचे छत, त्यावर पोकळी, मग टिनाचे छप्पर. थंडी आत येऊ नये म्हणून त्या पोकळीत कुणी तरी कधी काळी वाळके गवत भरले होते. मध्ये केरोसीनची बुखारी, तिची नळी छतातून वर गेलेली. एका रात्री नळीजवळ आग लागली. माणसे बाहेर काढली, मोजली, सगळी होती. आत रायफली राहिल्या होत्या. मी दारातून पाहिले. खांब उभे, तुळया उभ्या, नुसत्या वरून काळ्या पडलेल्या. आग मला छताच्या एका कोपऱ्यातच दिसत होती. माझा नाईक म्हणाला, "सर, दो मिनट दीजिए." मी दिली.

दुसऱ्या फेरीला तो आत असताना छताच्या फळ्या एकदम खाली आल्या, निखाऱ्यांसकट. खांब तसेच उभे. त्याला आम्ही ओढून बाहेर काढले. पाठ भाजली, डावा हात भाजला. सकाळी हेलिकॉप्टर आले. तो वाचला. पण त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे आजही वाकत नाहीत.

चौकशी झाली, कागद झाले, मला कुणी दोष दिला नाही. मी मात्र स्वतःला विचारत राहिलो की मी काय पाहिले आणि काय पाहिले नाही. तेव्हापासून लाकूड आणि आग या विषयावर जे मिळेल ते वाचत आलो. शनिवारवाड्याकडेही मी त्याच नजरेने परत वळलो. खडकवासल्याला कॅडेट असताना रविवारच्या लिबर्टीला आम्ही वाड्यात जायचो, रिकाम्या जोत्यांवर बसून भेळ खायचो आणि 'इथे काहीच नाही' म्हणून परत यायचो.

आधी वाड्याचा इतिहास थोडक्यात. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी केली. २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणीतून, चुना जेजुरीकडून. खाली दगडी जोते, वर विटांच्या भिंती, आणि आत सगळा भार पेलणारा लाकडी सांगाडा. पुढे मजले आणि महाल वाढत गेले, ते सात मजल्यांपर्यंत. उत्तरेकडचा मुख्य दरवाजा दिल्लीच्या दिशेने, म्हणून त्याचे नाव दिल्ली दरवाजा. त्याच्यावर नगारखाना.

१७६१ च्या जानेवारीतल्या पराभवानंतर पाचच महिन्यांनी, २३ जूनला, नानासाहेब पर्वतीवर वारले. वाडा मात्र त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ पेशव्यांचा राहिला. १७ नोव्हेंबर १८१७ ला त्यावर इंग्रजांचे निशाण चढले. मग त्याचा वापर तुरुंग, दवाखाना असा होत गेला. आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला जी आग लागली ती सात दिवस विझली नाही.

एक गोष्ट आपण विसरतो. ही वाड्याची पहिली आग नव्हती. १७९१ मध्ये कोठीला आग लागून वरचे मजले गेले होते. त्यानंतर १८०८, १८१२ आणि १८१३ मध्येही आगी लागल्या. म्हणजे सदतीस-अडतीस वर्षांत पाच आगी. चारदा काही भाग जळला आणि वाडा उभा राहिला, पाचव्यांदा सगळा गेला. तेच लाकूड, त्याच भिंती. मग फरक कशात पडला?

सुभेदारसाहेब, आता तुमच्या चुलीकडे येऊ.

चुलीत एकच ओंडका घातला तर तो पेटतो, धुमसतो आणि विझतो. दोन लाकडे समोरासमोर सरकवली की आग धरते. हे प्रत्येक आईला माहीत असते. कारण असे की जळणारे लाकूड जितकी उष्णता देते त्यातली बरीच बाहेर निघून जाते, आणि एकट्या लाकडाला जळत राहण्याइतकी ती परत मिळत नाही. समोर दुसरे जळते लाकूड असले की दोघे एकमेकांना तापवत राहतात. आता हीच चूल खोलीएवढी मोठी करा. समोरासमोर लाकडी भिंती, वर लाकडी छत, खाली लाकडी तक्तपोशी. अशा खोलीत सामान जळून संपले तरी आग संपत नाही, कारण खोलीच सरपण झालेली असते. दगडाच्या खोलीत आग सामानाबरोबर संपते. लाकडाच्या खोलीत ती सामानापासून सुरू होते.

दुसरी गोष्ट धुराची. बंद खोलीत आग लागली की तापलेला धूर छताखाली साचतो आणि हळूहळू खाली उतरतो. तो पाच-सहाशे अंशांपर्यंत तापला की त्याच्या नुसत्या उष्णतेने खालच्या सतरंज्या, पडदे, पेट्या सगळे जवळजवळ एकाच वेळी पेटते. अग्निशमनवाले याला फ्लॅशओव्हर म्हणतात. एका कोपऱ्यातली आग काही सेकंदांत सगळ्या खोलीची होते. त्या क्षणानंतर आत असलेला माणूस वाचत नाही. म्हणून आगीत आत शिरताना आधी छताखालचा धूर पाहायचा, खांब नंतर.

त्यानंतर खोलीला हवा पुरत नाही. लाकडातून निघणारा वायू आत जळू शकत नाही, तो खिडक्या-दारांतून बाहेर येतो आणि बाहेर हवा मिळाल्यावर पेटतो. खिडकीतून ज्वाळा वर झेपावताना दिसतात त्या याच. वरच्या मजल्यावर लाकडी सज्जा असेल तर त्याला आग लावायला दुसरे काही लागत नाही. चौकाभोवती मजल्यावर मजला आणि प्रत्येक मजल्याला चौकाकडे उघडणारी लाकडी ओसरी, ही आपल्या वाड्यांची रचना. उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणून केलेला चौक आगीच्या वेळी धुराड्याचे काम करतो.

तिसरी गोष्ट जाडीची. हीच मला त्या रात्री माहीत नव्हती.

जाड लाकूड पेटले की वरचा थर तीनशे अंशांच्या आसपास कोळसा होतो. हा कोळसाच आतल्या लाकडाचे पांघरूण होतो. त्याच्याखाली दीड इंच आत गेलात तर लाकूड जवळजवळ थंड असते आणि पूर्ण ताकदीने भार पेलत असते. प्रयोगशाळेच्या भट्टीत सागवानासारखे जड लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या गतीने कोळसा होत जाते, देवदारासारखे हलके लाकूड थोडे जास्त. म्हणजे एक फूट जाडीचा सागवानी खांब चारही बाजूंनी तासभर जळला तर प्रत्येक बाजूचे सव्वा इंच जाते आणि मध्ये साडेनऊ इंचांचा धडधाकट खांब उरतो. लोखंडाचे उलटे. ते जळत नाही, पण साडेपाचशे ते सहाशे अंशांना त्याची ताकद निम्म्यावर येते आणि ते वाकते. जाड लाकूड आगीत अचानक दगा देत नाही, हे खरे आहे.

पण हे फक्त जाड लाकडाबद्दल खरे आहे. पाऊण इंच फळी घ्या. एका बाजूने जळली तर अर्धा तास पुरत नाही. वरून आणि खालून जळली तर पंधरा मिनिटेही नाही. दोन फळ्यांमध्ये फट असेल तर त्याहून कमी. आमच्या बॅरकमध्ये आग आधी छतावरच्या पोकळीत लागली होती, गवतात. ती तिथे किती वेळ धुमसत होती कुणास ठाऊक. आम्हाला धूर दिसला तेव्हा फळ्या वरून बऱ्याच जळून झाल्या असणार. मी खालून खांब पाहिले आणि हिशेब खांबांचा केला. डोक्यावर फळ्या होत्या.

आता वाड्यात जाऊ. वाड्याचे छत म्हणजे कडीपाट. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटांवर मातीचा किंवा चुन्याचा थर. खांब दगडी तळखड्यावर उभा. यात खांब आणि तुळया जाड, कड्या मध्यम, पाट पातळ. दिवाणखान्यांत शोभेसाठी कोरीव काम, महिरपी, नक्षीची छते. कोरीव लाकूड दिसायला भरगच्च असले तरी आगीच्या दृष्टीने ते पातळच, कारण त्याला सगळीकडून हवा लागते. तेव्हा आग लागली की आधी नक्षी जाते, मग पाट, मग कड्या. खांब-तुळया सर्वांत शेवटी.

आधीच्या चार आगींत वाडा का वाचला असेल? माझा अंदाज सांगतो. आग वरून लागली किंवा वरच्या मजल्यांवर पसरली, तर ती सहसा वरच संपते. मजले गेले तरी खालच्या पाटांवरची माती आग अडवते. शिवाय तेव्हा वाडा नांदता होता. शेकडो माणसे आत, आणि कात्रजच्या नळातून आलेले पाणी चौकातल्या हौदांत. नळाचे पाणी उताराने येते, चौथ्या मजल्यावर आपोआप चढत नाही. ते घागरींनी न्यावे लागते. घागरी न्यायला माणसे लागतात आणि त्यांना हुकूम देणारा धनी लागतो. १८२८ मध्ये धनी ब्रह्मावर्ताला होता आणि वाडा परक्या सरकारच्या वापरातली एक मोठी इमारत होती. आग कशी लागली हे आजही माहीत नाही.

आणि सात दिवसांचे काय? त्याचे उत्तर माझ्या मते पाटांवरच्या मातीत आहे. पाट जळले की तिच्यावरची माती, चुना आणि विटा खाली कोसळतात. खांब-तुळया अर्धवट जळलेल्या अवस्थेत त्या ढिगाखाली गाडल्या जातात. सात मजल्यांचे सागवान, वर मातीचे पांघरूण, हवा जेमतेम. सुभेदारसाहेब, कोळसा पाडणारे रानात काय करतात ते तुम्ही पाहिले असेल. लाकडे रचतात, पेटवतात आणि वर माती लिंपतात. ती भट्टी दिवसेंदिवस धुमसते. चुलीतला ओंडका रात्रभर पुरत नाही कारण त्याला मोकळी हवा आहे. वाडा पहिल्या दिवशी-दोन दिवसांत ज्वाळांनी जळाला असेल आणि उरलेले दिवस कोळशाच्या भट्टीसारखा धुमसला असेल. वरून पाणी ओतले तरी ते मातीच्या ढिगात तळापर्यंत पोहोचत नाही. ढीग उपसून एकेक तुळई बाहेर ओढावी लागते.

मग उरले काय? दगडी जोती, तट, बुरूज. आणि दिल्ली दरवाजा, खिळ्यांसकट. त्याच्यावरचा नगारखानाही लाकडी खांबांचा आहे आणि तो आज तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता. सात दिवस आग ज्या तटाच्या आत धगधगली, त्याच तटावर लाकडी नगारखाना शाबूत राहिला. कारण गूढ नाही. तो मुख्य इमारतींपासून मोकळ्या अंगणाने तुटलेला होता. आगीची धग अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. पन्नास-शंभर पावलांच्या मोकळ्या जागेने जे केले ते हजार घागरींनी झाले नसते.

पुण्याने हे पुन्हा पाहिले. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा जाळला गेला आणि विश्रामबागवाड्याचेही नुकसान झाले. बुधवारवाडा गेला तो गेलाच. विश्रामबाग आजही लाकडी सज्जासकट उभा आहे.

जगानेही हे आपापल्या परीने शिकून घेतले. अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्या एकोणिसाव्या शतकात वारंवार जळत. विमा कंपन्यांनी गिरणीमालकांना सांगितले की लाकूड खुशाल वापरा, पण थोड्या आणि जाड तुळया वापरा, तक्तपोशीच्या फळ्या तीन-चार इंच जाड ठेवा आणि छतात पोकळी ठेवू नका. तिथे तुळईचे भिंतीतले टोक तिरके कापायची पद्धत होती. तुळई जळून मध्ये मोडली तर ती भिंतीतून अलगद निसटून पडावी, भिंतीला उपटून घेऊन पडू नये म्हणून. पॅरिसच्या नोत्र दामचे छत १५ एप्रिल २०१९ ला जळाले तेव्हा वरचे ओकचे सगळे रान गेले, पण खालच्या दगडी कमानींनी बहुतेक ठिकाणी ती आग खाली येऊ दिली नाही. आपल्या कडीपाटावरची माती हेच काम करायची. आता जगात पुन्हा लाकडाच्या बहुमजली इमारती होत आहेत, फळ्या एकमेकींना चिकटवून केलेल्या जाड तक्त्यांच्या. त्यांच्या चाचण्यांत असे दिसले की गोंद उष्णतेने सुटला की कोळशाचा थर गळून पडतो, खालचे ताजे लाकूड उघडे होते आणि विझत आलेली खोली दुसऱ्यांदा भडकते. म्हणून आता गोंद बदलले आणि भिंती जिप्समने झाकायला सुरुवात झाली. चुलीतल्या दोन लाकडांचा नियम तिथेही तोच.

त्या रात्रीनंतर जिथे जिथे लाकडी शेल्टर असलेल्या जागी पोस्टिंग झाले तिथे पहिल्याच दिवशी मी चार गोष्टी पाहतो. बुखारीची नळी छतातून जाते तिथे टिनाचा रुंद गळपट्टा आणि भोवती हातभर मोकळी जागा आहे का. छताच्या पोकळीत काय भरले आहे. दोन शेल्टरमध्ये अंतर किती. आणि शस्त्रे दाराजवळ आहेत की आतल्या टोकाला. चौथी गोष्ट माझ्या नाइकामुळे शिकलो. रायफली दाराजवळ असत्या तर त्याला दुसरी फेरी मारावी लागली नसती.

आणि एक नियम. माणसे मोजून झाली की आत कुणी जायचे नाही. रायफलीचा जाब मी देईन.

काला अंबहून निघताना सुभेदारसाहेबांनी विचारले होते, "साहेब, मग बाजीरावसाहेबांनी दगडाचाच वाडा का न्हाई बांधला?" पहिला मजला दगडात झाल्यावर साताऱ्याहून हरकत आली म्हणून पुढचे काम विटांत केले, अशी एक गोष्ट सांगतात, ती त्यांनाही ठाऊक होती. पण मला वाटते, दगडाचा असता तरी मजले लाकडाचेच असते. त्या काळी एवढा मोठा दिवाणखाना झाकायला सागवानी तुळईहून सोयीचे दुसरे काही नव्हते. लाकडाची चूक नव्हती.

माझा नाईक आता निवृत्त आहे, गावी दुकान चालवतो. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. संक्रांतीला मी करतो. यंदा काला अंबच्या आवारातूनच केला. त्याने विचारले, "सर, आप कहाँ हैं?" मी म्हटले, पानिपत. तो म्हणाला, "वहाँ तो बहुत लोग मरे थे ना?" मी हो म्हटले. मग त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवून मला हवापाण्याचे विचारले, मुलांचे विचारले. त्या रात्रीबद्दल तो कधी बोलत नाही. या वेळी मी बोललो. ती दोन मिनिटे मी द्यायला नको होती, असे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, माँगी तो मैंने थी."

सुभेदारसाहेब, तुमच्या प्रश्नाचे उत्तर वर आहे. पुढच्या १४ जानेवारीला भेटू.

जय हिंद.